वनवासाचा परवाना

पंचायत समितीत मी ३२ वर्षं नोकरी केली. निवृत्त झालो तेव्हा विस्तार अधिकारी होतो. पण गावोगावचे लोक मला आजही ओळखतात ते ‘गुड मॉर्निंगवाले साहेब’ म्हणून.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत हागणदारीमुक्तीनं जोर धरला. तेव्हा आम्हा कर्मचाऱ्यांची पथकं पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर उभी राहायची. अंधारातून कोणी टमरेल घेऊन आला, की टॉर्चचा झोत टाकायचा आणि हसून म्हणायचं, “गुड मॉर्निंग!” पहिल्या वेळी गुलाबाचं फूल, दुसऱ्या वेळी जीपमधून फेरी. एका गावच्या माजी सरपंचांनी टमरेल उपरण्याखाली लपवून “काकडआरतीला निघालोय” असं सांगितलं होतं. देऊळ उलट्या दिशेला होतं. मी त्यांना दोन फुलं दिली. एक त्यांना, एक देवाला.

वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

माझे लेक-जावई अमेरिकेत मिनियापोलिसला असतात. जानेवारीत जावयांचा फोन आला. “बाबा, जुलैत येताय हे नक्की ना? परवाना काढतोय.” मला वाटलं, व्हिसाचं काहीतरी असेल. तर म्हणाले, “जंगलात राहायचा परवाना.”

आपल्याकडे वनवास ही शिक्षा. कैकेयीनं मागितली, दशरथानं दिली, रामानं भोगली. कोणत्या वाटेनं शिरणार, बरोबर किती माणसं, होड्या किती, असं शरयूच्या काठावर त्याला कोणी विचारलं नाही. इकडे वनवासाला कोटा आहे. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज ठरावीकच टोळ्या आत सोडतात, आणि त्यांचं आरक्षण जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी नऊ वाजता उघडतं. बाहेर तेव्हा घराच्या दारासमोर फावड्यानं बर्फ उपसणं चालू असतं. या जंगलाला लागून टॉवर नावाचं गाव आहे, तिथे २ फेब्रुवारी १९९६ला पारा उणे ५१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा थंडीत माणसाला उघड्यावर झोपायची स्वप्नं पडतात, हे समजून घ्यायला मिनेसोटात एक हिवाळा काढावा लागतो. आमच्या तरुणपणी लोक एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ज्या तन्मयतेनं जागा धरत, त्याच तन्मयतेनं जावई आठ पंचावन्नपासून संगणकासमोर बसले आणि नऊ वाजून काही सेकंदांनी आमचा वनवास मंजूर करून घेतला.

या जंगलाचं नाव सुपीरियर राष्ट्रीय अरण्य. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना १९०९ साली ते राखीव झालं. क्षेत्र सुमारे ३९ लाख एकर, म्हणजे साधारण आपला पुणे जिल्हा. पुणे जिल्ह्यातून पुणेकर, पिंपरी-चिंचवड आणि बांधकामं उचलून घ्यावीत, त्या जागी पाइन, स्प्रूस आणि भूर्जाची झाडं लावावीत आणि मधल्या खळग्यांत पाणी ओतावं, की हे अरण्य तयार होतं. त्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला चिकटून, बाउंडरी वॉटर्स नावाचा ११ लाख एकरांचा भाग आहे. तिथे हजाराहून जास्त तळी, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं ते कॅनूनं, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होडीनं. बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला बंदी. रस्ते नाहीत, दुकानं नाहीत, मोबाइलची रेंज नाही.

नियमावली जावयांनी मला ईमेलवर पाठवली. ३२ वर्षं परिपत्रकं वाचलेल्या माणसाला ती वाचताना जो आनंद झाला, तो आमच्या हिला कळणार नाही. एका टोळीत जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. (आमच्याकडे नऊ माणसं नुसती स्टेशनवर पोचवायला येतात.) मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच. चूल तिथल्या लोखंडी जाळीवरच. सरपण वाळलेलं आणि खाली पडलेलंच, जित्या झाडाची काडीही तोडायची नाही. आणि एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. रामाला १४ वर्षं, आपल्याला १४ दिवस. आकडा जुळल्यावर मी नियमावलीला मनोमन नमस्कार केला.

सगळ्यात गंमत वाटली ती १९६४च्या कायद्याची. या प्रकारच्या अरण्याची व्याख्या करताना त्यात स्वच्छ लिहिलंय की माणूस इथे येतो तो पाहुणा म्हणून, राहायला नाही. पाहुण्यानं चार दिवसांत उठावं, हे आपल्याला सगळ्यांना वाटतं. कायद्यात घालायचं धैर्य कोणी केलं नव्हतं.

खरा पेच पडला तो सामान भरताना. नियम असा, की खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायच्या नाहीत. हिनं सांगलीहून विमानानं आणलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी काचेची. तिनं जावयांना विचारलं, “लोणच्यानं जंगलाला काय होतं?” जावई म्हणाले, “लोणच्यानं काही नाही, आई. बरणी फुटली तर काच राहते.” शेवटी लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात गेलं, पण कारण पटलं म्हणून नाही. जावयांना ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून.

तिची समजूत काढायला लेकीनं डोरोथी मोल्टर या बाईंची गोष्ट सांगितली. शिक्षणानं नर्स असलेल्या या बाई इथल्या नाइफ लेकमधल्या बेटावर पन्नास वर्षांहून जास्त राहिल्या, बराचसा काळ एकट्या. त्यांच्याकडचं थंड पेय विमानानं यायचं. १९४९मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या भागावरून कमी उंचीवर विमानं उडवायला बंदी केली, तेव्हा बाईंनी तळ्याच्या पाण्यात घरीच रूट बिअर करायला घेतली. नाव बिअर, दारूचा थेंब नाही. आपल्या कोकम सरबताच्या जातीचं. वल्ही मारून दमलेले हजारो लोक ते प्यायला त्यांच्या दारी यायचे. पुढे सरकारनं जंगलातल्या सगळ्या रहिवाशांना बाहेर काढायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी एवढा आरडाओरडा केला की सरकारनं बाईंना मरेपर्यंत राहायची परवानगी दिली. १९८६मध्ये त्या गेल्या, आणि त्यांची खोपटी उचलून ईली गावात संग्रहालय म्हणून मांडली.

ऐकून ही म्हणाली, “बघा. बाई एकटी राहिली. तुम्हाला साडेसहाचा चहा पावणेसातला झाला तर चालत नाही.” मी विषय सामानाकडे वळवला.

सामानात भाजणी होती, मेतकूट होतं, लसणाची चटणी, गूळपोळ्या, आणि सगळ्यांत तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं एक प्लॅस्टिकचं टमरेल होतं. मी ते कोणाला दाखवलं नव्हतं. नियमावलीत एक कलम वाचलं होतं: प्रत्येक मुक्कामाच्या मागे झाडीत एक शौचकूप असेल. पुढे फोटो होता. जमिनीत खड्डा, त्यावर फायबरचं बैठं भांडं. भिंत नाही. दार नाही. छप्पर नाही. ज्या गोष्टीविरुद्ध मी अर्धी नोकरी झिजवली, ती अमेरिकन सरकारनं ११ लाख एकरांत नकाशावर ठिपके मांडून अंमलात आणली होती.

मिनियापोलिसहून डलूथ, आणि तिथून लेक सुपीरियरच्या काठानं ग्रँड मरे. या सरोवराचं क्षेत्र ८२ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा पाव भाग पाण्यात बुडवला तरी थोडं उरेल. जगात याहून जास्त पृष्ठभागाचं गोड्या पाण्याचं तळं नाही. हिनं काठावर उभं राहून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, “अगंबाई, गोडं आहे!” म्हणाली, आणि मग समुद्राला करतात तसा नमस्कार केला. पाण्यात पाऊल मात्र मी टाकलं आणि लगेच काढलं. जुलैतही ते फ्रिजमधल्या बाटलीसारखं होतं.

वनखात्याच्या चौकीत परवाना हातात मिळायच्या आधी चित्रफीत दाखवतात आणि मग प्रश्न विचारतात. वनवासाला प्रवेशपरीक्षा! “भांडी कुठे घासाल?” असा प्रश्न आला, तेव्हा ही पटकन मराठीत म्हणाली, “यांच्याकडून घासून घेईन.” बरोबर उत्तर: तळ्याच्या काठापासून २०० फूट लांब. जावयांनी ते दिलं आणि आम्ही सगळे पास झालो.

यानंतर सुरू होतं पोर्टेज. दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली, की होडी आणि सामान खांद्यावर घेऊन पलीकडे चालत जायचं, याला हे लोक पोर्टेज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. युरोपातल्या साहेबांच्या टोप्यांसाठी बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी लागायची. ती वाहून नेणारे फ्रेंच कॅनेडियन नावाडी याच वाटांनी जायचे. प्रत्येक गठ्ठा ९० पौंडांचा, आणि एका खेपेला असे दोन, म्हणजे पाठीवर ८२ किलो. मी लासलगावचे हमाल पाहिलेत, त्यामुळे विश्वास बसला. पण आमचे हमाल हे काम पैशांसाठी करतात. इथे डॉक्टर, वकील, बँकेतले मॅनेजर सुट्टी टाकून, परवाना काढून, परीक्षा देऊन हमाली करतात आणि वर म्हणतात, “खूप रिलॅक्स वाटलं.”

नकाशावर पोर्टेजची लांबी मैलात देत नाहीत, रॉडमध्ये देतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कॅनूची लांबी. आमच्या वाटेवर ‘८०’ लिहिलेलं होतं. मी डोक्यात गणित केलं आणि थबकलो. आपल्या सातबाऱ्यावरचा गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा. म्हणजे दोन रॉड बाय दोन रॉड! ज्या मोजणीनं साहेबानं आमच्या बापजाद्यांची शेतं मोजली, तीच मोजणी इथे उत्तर ध्रुवाच्या वाटेवर मला भेटली होती. हे मी जावयांना उत्साहानं सांगितलं. ते तेव्हा उलटी होडी डोक्यावर घेऊन चालत होते. १९ किलोंची ती होडी बुलेटप्रूफ जाकिटं ज्या केव्हलारची करतात, त्याचीच होती. बाहेरून फक्त दोन पाय दिसत होते. आतून आवाज आला, “बाबा, गुंठ्याचं पलीकडे गेल्यावर बोलू.”

८० रॉड म्हणजे ४०० मीटर. पण सामान एका खेपेत जात नाही. एकदा ओझं घेऊन जायचं, रिकामं परत यायचं, पुन्हा ओझं घेऊन जायचं. ४०० मीटरचे १२०० होतात. पहिल्या खेपेला मी मेतकूट, भाजणी आणि ‘लागलं तर असू द्या’ म्हणून घेतलेल्या तीन पिशव्या नेल्या. दुसऱ्या खेपेला मला माझ्याच सामानाचा राग यायला लागला. डोक्याभोवती डास. हे लोक विनोदानं डासाला आपला राज्यपक्षी म्हणतात. खरा राज्यपक्षी लून आहे, पण जुलैत संख्याबळ डासांचंच. तिसऱ्या पोर्टेजला मी जाहीर केलं की माणसाला जगायला दोन कपडे, एक चादर आणि एक वेळची दशमी पुरते. ही म्हणाली, “हे आपल्या घरी गेल्यावर कपाट उघडून पुन्हा म्हणा.”

एक गोष्ट मात्र माझ्यातल्या सरकारी नोकराला सारखी खटकत होती. वाटेवर एकही फलक नव्हता. पोर्टेज कुठे सुरू होतं, तळ्याचं नाव काय, काही नाही, नकाशा वाचा आणि शोधा. एवढी मोठी योजना, आणि ‘अमुक यांच्या निधीतून’ नाही, ‘तमुक यांच्या शुभहस्ते’ नाही, कोपऱ्यात फोटो नाहीत. आमच्याकडे मुतारीला कोनशिला असते. इथे २७० कोटी वर्षांच्या खडकावर कोणी नावसुद्धा कोरलेलं नव्हतं.

मुक्कामाला पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि ऊन तसंच होतं. उत्तरेकडे जुलैत सूर्याला निघायची घाई नसते. ही चुलीकडे वळली आणि जावई दोरी घेऊन झाडाकडे. अस्वलापासून अन्न वाचवायला सगळी शिधासामग्री जमिनीपासून १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट लांब टांगावी लागते, नाहीतर अस्वलाला उघडता येणार नाही असा खास डबा लागतो. जावयांनी तीन वेळा दोरी फेकली, तिन्ही वेळा ती त्यांच्याच डोक्यावर आली. मी उठलो. “अहो, हे शिंकं आहे,” म्हटलं. आमच्या आजीचं दही कृष्णापासून नाही, तरी मांजरापासून वाचलं ते याच तंत्रावर. दोन फांद्यांमध्ये दोर ताणून मी शिंकं बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा जावयांनी माझा फोटो काढला.

जेवायला लेकीनं मनूमिन केला होता. हा इथला जंगली भात, काळपट, लांब दाण्याचा. ओजिब्वे लोक कॅनूत बसून, काठीनं लोंब्या होडीत झोडपून तो गोळा करतात. मी मेतकूट कालवून खाल्ला. मेतकूट कोणत्याही देशातल्या भाताशी जमवून घेतं. लेक सांगत होती, की ज्या भूर्जाच्या सालीच्या होडीवरून आपली होडी निघाली, ती याच लोकांची. वाटाही त्यांच्याच, नावाडी नंतर आले. १८५४च्या तहात जमीन गेली, पण शिकारीचा, मासेमारीचा, भात गोळा करायचा हक्क त्यांनी राखून ठेवला. मला कायद्यातला ‘पाहुणा’ आठवला. ज्यांचं घर होतं त्यांनाही त्याच यादीत बसवून मग नियम केला असणार. आमच्या खात्यातही पुनर्वसनाच्या फायली अशाच वाचाव्या लागतात. वरचा मजकूर छान असतो, खरी गोष्ट समासात असते.

रात्री लून ओरडला. टिटवी, कोल्हा आणि नवसाचं मूल एकाच वेळी रडलं तर जसा आवाज होईल, तसा. हिनं तंबूत रामरक्षा सुरू केली. रामरक्षा वनवासात म्हणायची ही तिची पहिलीच वेळ.

पहाटे मला जाग आली. कारण वाचकांनी ओळखलं असेल. टॉवेलातून टमरेल काढलं, तळ्यातून भरलं आणि पायवाटेनं झाडीत निघालो. बसल्यावर समोर काय होतं? पाइनच्या खोडांमधून धुकं, धुक्यापलीकडे आरशासारखं तळं, त्यावर दोन लून. पाहता पाहता मला माझे सगळे आरोपी आठवले. ओढ्याकाठी, करवंदीच्या जाळीआड, उगवत्या सूर्याकडे पाहत बसलेले. ते का ऐकत नव्हते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. नियम बरोबरच होता. रोगराई खरी होती, आमचं काम खरं होतं. पण या दृश्याच्या बदल्यात आम्ही त्यांना चार बाय चारची खोली देत होतो, आणि वर गुलाबाचं फूल.

परत निघालो तर वळणावर समोरून एक बाई आली. वनखात्याचा गणवेश, खांद्यावर फावडं. माझ्या हातात टमरेल. मी ते पाठीमागे घेतलं. उपरणं नव्हतं.

ती हसली आणि म्हणाली, “गुड मॉर्निंग!”

३२ वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द मी किती लोकांना म्हटले असतील! ते कानांवर पडल्यावर पोटात काय होतं, ते त्या दिवशी कळलं. मी घाईघाईनं सांगितलं, “परमिट आहे.” ती म्हणाली, ते नंतर बघू, आधी खड्डा बघते. जंगलात होडीनं फिरून मुक्काम साफ करायचे आणि भरत आलेले खड्डे बुजवून नवे खणायचे, हेही तिच्या कामात होतं. मग माझी भीड चेपली. मी सांगितलं, मीही याच खात्यातला. तिनं टमरेलाकडे पाहून विचारलं, हे काय? मी समजावून सांगितलं. कागद नाही, कचरा नाही, पाणी तळ्यापासून लांब जमिनीत. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, उत्तम पद्धत आहे, कोणी शिकवली? मी म्हटलं, आमच्या गावच्या लोकांनी. ज्यांना मी ती सोडायला लावली, हे सांगितलं नाही. मग आम्ही दोघं अर्धा तास उभे राहून मातीचा थर, खडक आणि खड्ड्याची खोली यावर बोललो. एवढी समाधानाची कार्यालयीन चर्चा जिल्हा परिषदेतही कधी झाली नव्हती.

पुढच्या तीन दिवसांत आम्हाला दुसरा सरकारी माणूस दिसला नाही. तरी कुठे कागदाचा कपटा नव्हता. शेवटच्या सकाळी आम्ही चुलीतली राख ओली करून पाहिली, शिंकं सोडलं, कचऱ्याची पिशवी बांधली. पहिलं पोर्टेज ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं, की टमरेल मागेच राहिलं. जावई म्हणाले, राहू द्या. मी ऐकलं नाही. मी ८० रॉड परत चालत गेलो, जावयांना होडी वल्हवत न्यायला लावली, आणि ते घेऊन आलो. कोणी पाहत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण नोकरीभर मी ज्या माणसाची वाट पाहत पहाटे उभा राहिलो, पथक नसतानाही नियम पाळणारा, तो एकदा तरी दिसावा असं वाटलं.

सांगलीला परतल्यावर ते माजी सरपंच भेटायला आले. आता वय ८४. “साहेब, अमेरिकेत काय पाहिलंत?” त्यांना सगळं सांगितलं. सरोवर, पोर्टेज, शिंकं आणि ती पहाटसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले, आमच्याच अंगणातल्या कुंडीतून एक गुलाब खुडला आणि माझ्या हातात दिला.

“पहिलीच वेळ आहे म्हणून फूल,” म्हणाले. “पुन्हा सापडलात तर जीप.”